हाळीचा विसर

खडकमाळच्या वन्यजीव पुनर्वसन केंद्रात तीन नियम भिंतीवर लिहिलेले होते आणि चौथा न लिहिता पाळला जात असे. प्राण्याला नाव द्यायचे नाही, त्याच्या कानावर माणसाचा शब्द पडू द्यायचा नाही, आणि गोणपाटाची खोळ डोक्यावरून ओढल्याखेरीज त्याच्या दृष्टीस पडायचे नाही, हे ते तीन. चौथा असा, की यांपैकी काही आपल्या हातून मोडले गेले तर कोणी विचारण्याची वाट न पाहता ते सांगून टाकायचे. पहिले तीन पाळायला सवय पुरे. चौथ्याला निराळ्या प्रकारचे बळ लागे, आणि सतरा वर्षांच्या ईश्वरी गोरडपाशी ते नऊ महिने नव्हते.

अकरावीच्या मुलांना साठ तासांची निसर्गसेवा सक्तीची झाल्यापासून माणदेशातल्या या केंद्रावर तालुक्यातली पोरे येत, आणि साठावा तास भरला की प्रमाणपत्र घेऊन त्याच पावली परत जात. ईश्वरीचे साठ तास माघातच भरले होते. ती राहिली ती एक्केचाळीस क्रमांकासाठी.

एक्केचाळीस क्रमांक हा लांडगा. सौरपट्ट्यांसाठी माळ सपाट करणाऱ्या यंत्राने पौषात एक बीळ बुजवले. माती उपसली तेव्हा पाच पिलांतले एक जिवंत निघाले, जेमतेम वीस दिवसांचे. केंद्रात आणल्यावर त्याने दोन दिवस बाटलीला तोंड लावले नाही. तिसऱ्या दिवशी दूध पाजण्याची पाळी ईश्वरीची होती. पिलाचे पोट पाठीला लागले होते आणि मान हातावर घेतली की तशीच लोंबत होती. ईश्वरी धनगराच्या घरातली. आई नसलेली कोकरे बाटलीवर कशी जगवतात ते तिने चालायला लागायच्या आधीपासून पाहिलेले. हात आपले काम करीत असता तोंडानेही, तिची परवानगी न घेता, आपले काम केले. जीभ टाळूवर तीनदा वाजली आणि मागून एक दबका, लांबवलेला ‘ह्योऽऽ’ निघाला. ती गोरडांची हाळी होती. त्या माळावर प्रत्येक धनगर घराची हाळी वेगळी असते, आणि दोन कळप एकमेकांत मिसळले तरी ज्याच्या त्याच्या हाळीला ज्याची त्याची मेंढरे निवडल्यासारखी बाजूला होतात. पिलाने मान उचलली. बाटली तोंडात घेतली. त्यानंतर दूध सुटेपर्यंत, म्हणजे तीन महिने, आसपास कोणी नाही असे पाहून प्रत्येक बाटलीआधी ईश्वरीने ती हाळी घातली.

भाद्रपदापर्यंत एक्केचाळीस उंचापुरा, राखी अंगाचा लांडगा झाला, आणि त्याच्यात एकच खोट राहिली: तो माणसावर माया करीत होता. ईश्वरी खोळ घालून कुंपणाशी आली तरी तो चालीवरून तिला ओळखी, शेपूट हलवीत येई आणि पोट वर करून लोळण घेई. असा लांडगा माळावर सोडला तर तो पहिल्याच आठवड्यात कोणाच्या तरी अंगणात जातो आणि काठ्यांनी मारला जातो. सोडला नाही, तर बारा-तेरा वर्षे पिंजऱ्यात येरझारा घालतो. तिसरा मार्ग आजवर नव्हता. तो घेऊन पुण्याहून डॉक्टर ऊर्मिला दाबके आल्या.

दाबकेबाई पन्नाशीच्या, किरकोळ अंगाच्या आणि वादाला सदा तयार अशा होत्या. समोरच्याने काही विधान केले की त्या चष्मा काढून हातात घेत, आणि चष्मा पुन्हा नाकावर जाईपर्यंत त्या विधानातले फारसे काही शिल्लक राहत नसे. गोठ्याच्या सावलीत बसून त्यांनी ईश्वरीला आपली विद्या समजावली. आठवण म्हणजे दगडावरची रेघ, अशी लोकांची समजूत असते. वस्तुतः ती थिजलेल्या तुपासारखी असते. भांड्यात घट्ट बसलेले तूप हलत नाही, पण त्याला ऊब लागली की ते पातळ होते, आणि निवल्यावर पुन्हा थिजते. आठवण जागी होणे म्हणजे तिला ऊब लागणे. जागी झालेली आठवण चार-सहा तास पातळ असते, आणि पुन्हा घट्ट होण्यासाठी मेंदूला नवी प्रथिने घडवावी लागतात. नेमक्या त्या तासांत प्रथिने घडू दिली नाहीत, तर आठवण पूर्वीइतकी घट्ट बसत नाही. असे पाच-सात वेळा केले की तिच्यातली माया उतरून जाते. ओळख राहते; ओढ राहत नाही.

औषध जुनेच होते. नवे होते ते यंत्र. लांडग्याच्या कपाळावरचे केस भादरून तिथे नखाएवढी चकती चिकटवलेली असे. ती मेंदूच्या लहरी वाचून आठवण पातळ झाल्याचा नेमका क्षण सांगे. दाबकेबाईंच्या हातातल्या पाटीवर हिरवा ठिपका उमटे आणि गळ्यातला पट्टा आपोआप औषधाची मात्रा टोची. मात्र या सगळ्याला एक अट होती. आठवण जिने बांधली गेली तीच खूण समोर आली तरच ती जागी होते. आणि जी जागी होत नाही ती जशीच्या तशी राहते. म्हणून खुणांची यादी पुरी हवी.

“तू काय काय केलंस ते सगळं लिहून दे,” दाबकेबाई म्हणाल्या. “मी रागावणार नाही. रागावून मला काय मिळणार? मला फक्त यादी हवी.”

ईश्वरीने अकरा खुणा लिहून दिल्या. डाव्या पायावर किंचित जोर देणारी आपली चाल, बादलीच्या कडीचा आवाज, साबणाचा वास, दूध पाजताना कानामागे फिरवलेले बोट. बारावी लिहिली नाही.

का लिहिली नाही, याची तिने स्वतःला जी कारणे दिली ती तपासून पाहण्याजोगी आहेत. पहिले कारण भीतीचे: नियम मोडल्याचे उघड झाले असते. ते टिकत नाही, कारण अकरा खुणा लिहिताना तीन नियम अकरा वेळा मोडल्याचे तिने कबूल केलेच होते. दुसरे कारण असे, की हाळी घराण्याची, ती परक्यांच्या कागदावर कशाला. हेही लंगडे, घराण्याची म्हणून ती लांडग्यापासून तिने कुठे राखली होती? खरे कारण तिसरे होते आणि त्याला शब्द दिले तर ते चोरीसारखे दिसले असते, म्हणून तिने त्याला शब्द दिले नाहीत. सगळे जाणारच आहे, तर एक धागा राहू द्यावा, एवढेच ते होते.

उपचार दर तीन दिवसांनी, सकाळी उन्हे वर येण्याआधी होत. ईश्वरी खोळ काढून जाळीशी उभी राही आणि यादीतल्या दोन-तीन खुणा करी. ठिपका हिरवा होई, लांडगा धावत येई, आणि त्याला धावत येताना पाहण्याचे सुख व ते सुख उतरवणारी मात्रा, दोन्ही एकाच क्षणी पडत. पहिल्या खेपेला तो जाळीवर चढला. तिसऱ्या खेपेला चालत आला. पाचव्या खेपेला बसल्या जागेवरून त्याने तिच्याकडे पाहिले, जांभई दिली आणि मान पंजांवर टाकली. दाबकेबाईंनी तो दिवस यशाचा म्हणून नोंदवला.

त्याच दुपारी, बाई जेवायला गेल्या असता, ईश्वरी आवाराच्या मागल्या अंगाला गेली आणि तिने दबक्या आवाजात हाळी घातली. दूरच्या बोराटीखालून लांडगा उठला. आला तो झेपा घेत आला. जाळीच्या भोकातून नाक बाहेर काढून त्याने तिचा तळहात चाटला, आणि तिला वाटले की जगातले अर्धे शास्त्र आपण एका जिभेच्या टोकाने हरवले. पुढले आठ दिवस ती घरी दोन भाकरी जास्त खाई आणि आईने कारण विचारले की गाणे गुणगुणे.

नवव्या दिवशी दाबकेबाईंनी नकाशा उघडला. लांडगा सोडण्याची जागा ठरली होती: चिंचोरीचे कुरण. चहूबाजूंनी सौरपट्टे आणि रस्ते झाल्यापासून लांडग्याला पुरेल असा गवताळ माळ आता तेवढाच उरला होता. तिकडे मेंढरे केव्हा येतात, असे त्यांनी ईश्वरीला सहज विचारले. घरची माहिती म्हणून. कार्तिकात गवत पिकले की येतात, हे उत्तर अर्धे तोंडातून बाहेर पडल्यावर ईश्वरी थांबली. कोणाची मेंढरे येतात ते तिला ठाऊक होते. नव्या रस्त्यांनी चराईच्या वाटा तुटल्यापासून दूर जाणे बंद झालेला तिचा चुलता, बिरूनाना, आपली ऐंशी मेंढरे घेऊन दर कार्तिकात त्याच कुरणात उतरे. तो सकाळ-संध्याकाळ हाळी घाली. ती ऐकून मेंढरे येतील, आणि मेंढरांच्या पाठोपाठ शेपूट हलवीत एक लांडगाही येईल. नानाची तीन कुत्री आणि चार माणसे ऐंशी पावलांवरून येणाऱ्या लांडग्याची शेपूट हलते आहे की नाही हे पाहत बसणार नव्हती.

बाई पुढे काही विचारीत होत्या. ईश्वरीने ते ऐकले नाही.

“मॅडम, यादीत एक राहिलंय,” ती म्हणाली.

दाबकेबाईंनी चष्मा काढला. “राहिलंय, की ठेवलंयस?”

“ठेवलंय.”

मग तिने सगळे सांगितले. तिसऱ्या दिवसाची बाटली, तीन महिने, आणि पाचव्या खेपेची ती दुपारसुद्धा. बाई खरोखरच रागावल्या नाहीत, आणि ते तिला रागावण्यापेक्षा जड गेले. उपचार पुन्हा करायचे, एवढेच त्या म्हणाल्या. तेव्हा मात्र ईश्वरी अडली. त्याला जगवले ते त्या हाळीने, आणि तीच पुसायची, हा कुठला न्याय, असे तिने विचारले.

“जगवलं दुधानं. हाळी ऐकली की दूध येतं, एवढंच तो शिकला.”

“दूध दोन दिवस समोरच होतं, मॅडम. त्यानं तोंड लावलं नव्हतं.”

दाबकेबाईंनी चष्मा पुन्हा नाकावर ठेवला. कोणाचा मुद्दा बिनतोड असला तर तो मान्य करण्याइतक्या त्या प्रामाणिक होत्या. “बरं. हाळीनंच जगवलं असं धरू,” त्या म्हणाल्या. “आता ती त्याच्यात राहावी, ही गरज कुणाची? त्याची, की तुझी?”

ईश्वरीने यादीचा कागद पुढे ओढला आणि बारावी खूण लिहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती जाळीशी उभी राहिली आणि तिने हाळी घातली. लांडग्याने कान टवकारले, पण तो उठला नाही, आणि पाटीवरचा ठिपका पांढराच राहिला. तिने पुन्हा घातली. पुन्हा पांढरा. दाबकेबाईंनी पाटीवरून नजर न काढता सांगितले की, आवाज बरोबर असेल, पण खूण बरोबर नाही. मनातून धरून ठेवलेली हाळी त्याला अनोळखी वाटते आहे.

“पूर्वीसारखी घाल. बाटली हातात असताना घालायचीस तशी.”

ईश्वरीने डोळे मिटले. हातावर टाकलेली ती लोंबती मान आठवली, आणि जीभ टाळूवर आपोआप वाजली. लांडगा झेपावत आला. ठिपका हिरवा झाला. आपण विसरले जावे म्हणून जितक्या मायेने बोलावता येईल तितक्या मायेने बोलावायचे, असे ते काम होते, आणि चार खेपांत तिने ते चारही वेळा नीट केले. चौथ्या खेपेला लांडग्याचा एक कान तिच्याकडे वळला आणि परत गेला. ठिपका हिरवा झाला नाही, कारण जागे होण्याजोगे आत काही राहिले नव्हते.

शेवटली चाचणी बाहेरच्या माणसाकडून करण्याची रीत होती, आणि या खेपेला तो माणूस हाळीचा खरा धनी असणे भाग होते. बिरूनानाला सांगायला ईश्वरी स्वतः गेली. साठी उलटलेला नाना लोकर विंचरत बसला होता. ऐकताना त्याचा हात थांबला. आपली हाळी लांडग्याला शिकवली, याची त्याने दोनदा विचारून खात्री करून घेतली, आणि लोकर बाजूला ठेवली.

“बाय,” तो म्हणाला, “आवतनच धाडलंस की गं त्येला. जेवायला या म्हनून.”

तरी दुसऱ्या दिवशी उन्हे वर येण्याआधी तो टेम्पोत सहा मेंढरे घालून केंद्रावर हजर झाला.

मेंढरे दुहेरी जाळीपलीकडे बांधली. लांडगा आत, बोराटीच्या सावलीत बसला होता. नानाने हाळी घातली. मोकळ्या माळावर घालावी तशी, पोटातून. मेंढरांनी माना वर केल्या. लांडग्याने काही केले नाही. मग मेंढरांचा वास लागून तो उठला आणि संथ चालीने त्यांच्याकडे निघाला. वाटेत जाळीबाहेर नाना, ईश्वरी आणि दाबकेबाई उभे होते. त्यांच्यापासून दहा पावलांवरून तो गेला, आणि त्याने तिघांकडे एकदाही पाहिले नाही.

दाबकेबाईंनी पाटीवर चाचणी यशस्वी अशी खूण केली. माणसाकडे ओढ नाही. हाळीला प्रतिसाद नाही.

“नापास,” नाना म्हणाला.

बाईंनी चष्मा काढला. लांडगा हाळीला आला नाही हे त्याने पाहिले की नाही, असे त्यांनी विचारले. पाहिले, असे नाना म्हणाला.

“पर इसरलं म्हंजी भ्यालं न्हवं, बाई. माळावरचा लांडगा मानूस दिसला की वाट सोडतो. ह्यो कशाला सोडंल? ह्याच्या लेखी आपून बाभळी. उद्या माझ्या देखत कोकरू धरंल, आन् मी काठी घिऊन धावलो तर बघत उभा ऱ्हाईल. मग मरंल.”

दाबकेबाईंनी पाटीवरची खूण पुसली. वादात हरण्याची त्यांना सवय नव्हती, पण हरलो आहोत हे ओळखण्याची होती. त्या हळूहळू, जणू स्वतःलाच समजावीत, बोलल्या: यंत्र भरलेले रिकामे करू शकते, रिकामे भरू शकत नाही. रानातल्या पिलाला माणसाची धास्ती आई शिकवते, आणि याची आई बिळातच गेली. विजेचा झटका देता येईल, पण मग तो जाळीला भिईल, माणसाला भिणार नाही.

नानाने कमरेची गोफण सोडली. तिच्यात एक वाटोळा खडा ठेवला, आणि ती स्वतः न धरता ईश्वरीपुढे केली.

ईश्वरी मागे सरली. “तुम्ही मारा, नाना.”

“म्या मारलं तर मला भिईल. मी किती दीस पुरनार?” नाना म्हणाला. “त्येनं नऊ म्हैने तुझाच वास घेतलाय. मानूस म्हंजी तू. तुला भ्याला तर समद्यांला भिईल.”

ईश्वरीने दाबकेबाईंकडे पाहिले. त्या हे खोडून काढतील अशी तिला आशा होती. बाईंनी होकारार्थी मान हलवली. माया उतरली असली तरी ओळख शाबूत आहे, त्या म्हणाल्या, आणि सगळ्यांत ओळखीच्या माणसावरूनच प्राणी माणसाची जात ठरवतो.

आतले फाटक उघडले. ईश्वरी गोफण आणि खडे घेऊन, खोळीशिवाय आत गेली. चाळीस पावलांवर लांडगा मेंढरांच्या बाजूच्या जाळीशी उभा होता. गोफण तिला नवी नव्हती. जनावराच्या अंगावर न मारता त्याच्या पुढ्यात मारायचे, हे नानानेच तिला शिकवले होते. तिने गोफणीचा फासा बोटात अडकवला, गोफण दोनदा फिरवली आणि सोडली. खडा फारच अलीकडे पडला. लांडगा वळला, त्या खड्यापाशी आला, त्याने त्याचा वास घेतला, आणि पुढे काय, अशा साध्या कुतूहलाने तिच्या हाताकडे पाहिले.

अलीकडे पडला तो मुद्दाम, हे जाळीबाहेरच्या दोघांनाही कळले होते.

दुसरा खडा तिने जोर लावून फिरवला. गोफणीचा फटका आवारात कडाडला, आणि लांडग्याच्या पुढल्या पंजापासून वीतभर अंतरावर खडकाच्या कपऱ्या उडाल्या. तो जागच्या जागी हवेत उडाला, खाली आला तो धावतच, आणि शेपूट पोटाखाली घालून बोराटीपलीकडे गेला. एकदा झाले ते अपघात वाटेल. म्हणून तिने तिसरा मारला. तो बोराटीच्या बुंध्यावर बसला. लांडगा तिथूनही निघाला आणि आवाराच्या पार टोकाला, जाळीला पाठ लावून उभा राहिला. कान मागे पडलेले, ओठ दातांवरून सरकलेले. ती जराशी डावीकडे झाली की त्याची नजर डावीकडे होई. तिने हात हलवला की ती हातावर येई. कित्येक आठवड्यांत प्रथमच तो तिच्याकडे, तिच्याचकडे पाहत होता.

ईश्वरीने एक पाऊल पुढे टाकले. लांडगा जाळीला घासत दहा पावले दूर गेला. तिने बाहीने डोळे पुसले, खाली वाकून चौथा खडा उचलला आणि गोफणीत भरला.